निजलेल्या चालकाचा श्वास आणि ट्रकची बॅटरी

(तानसा, ता. शहापूर येथे मालवाहतूक करणारे चालक, वाहनमालक व वायरमन यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तानसा हे नाव उच्चारले की मुंबईकरास पाणी आठवते. १८९२ साली येथील धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून या तलावाचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईस जाऊ लागले. शहापूर तालुक्याने मुंबईला जसे पाणी दिले, तसा रस्ताही दिला आहे. मुंबई-आग्रा महामार्ग वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी या गावांवरून कसाऱ्याच्या घाटास भिडतो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जाऊ लागला आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता आहे, आणि पावसाळ्यात त्या घाटात धुके उतरले की समोरच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, हे आपणांस मी सांगावयास नको.

या तिन्ही रस्त्यांवर रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. रस्त्यांची चर्चा होते, वाहनांची होते, डिझेलच्या दराची तर रोजच होते. परंतु त्या वाहनाच्या केबिनमध्ये, चालकाच्या आसनामागच्या अरुंद फळीवर जो माणूस झोपतो, त्याच्या झोपेची चर्चा क्वचितच होते. आज मी त्या झोपेविषयी, अधिक नेमके सांगावयाचे तर झोपेतील श्वासाविषयी बोलणार आहे. मी वैद्यक व्यवसायातील नव्हे. विजेच्या कामातील आहे. रोगाविषयी मी सांगेन ते डॉक्टरांनी सिद्ध केलेले तेवढेच. माझे मुख्य सांगणे आहे ते यंत्राला ट्रकमध्ये वीज कशी पुरवावी यासंबंधी.

झोपूनही झोप न होणे

आपल्यापैकी अनेकांच्या शेतावर किंवा वाडीत पाण्याचा पंप असेल. त्या पंपाला दोन बाजूंनी दोन नळ असतात. पाणी ओढून घेणारा नळ जाड, कड्यांचा आणि कडक असतो. पाणी बाहेर टाकणारा नळ मात्र मऊ कापडी असला तरी चालतो. याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. ओढीच्या बाजूला मऊ नळ लावला तर तो आतल्या आत चपटा होऊन पाणी बंद पडेल.

माणसाचा घसा हा ओढीच्या बाजूचा मऊ नळ आहे. जागेपणी घशाचे स्नायू त्याला उघडा धरतात. झोपेत ते स्नायू सैल पडतात. काही माणसांच्या बाबतीत श्वास आत ओढताना तो नळ अर्धवट मिटतो, तेव्हा घोरण्याचा आवाज येतो. आणि पूर्ण मिटतो, तेव्हा श्वासच थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू घाबरून शरीराला क्षणभर जागे करतो, मोठा आवाज करून श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला असे पाचांपेक्षा कमी अडथळे आले तर ते सामान्य समजतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीस किंवा त्याहून अधिक तीव्र, अशी या विकाराची प्रतवारी डॉक्टर करतात. ज्याचा श्वास तासाला तीस वेळा अडतो, तो माणूस दर दोन मिनिटांनी एकदा जागा होत असतो. अशी आठ तासांची झोप ही झोपच नव्हे. डॉक्टर या विकारास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात; आपण त्यास झोपेतील श्वासरोध म्हणू.

हा विकार दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील ३५ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण त्यांत शेकडा १९.५ आढळले, आणि त्यासोबत दिवसा झोपाळूपणा असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ७.५ होते. हे वय म्हणजेच लांब पल्ल्याच्या चालकाच्या ऐन कामाचे वय. त्यात बैठे काम, अवेळी जेवण, वाढलेले पोट आणि जाड मान यांची भर पडली की धोका वाढतो. दारूने घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात. रक्तदाब, हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशीही या विकाराचे नाते आहे.

ओळख घरातच पटते

भगिनींनो, आपणांस येथे मुद्दाम बोलावण्याचे कारण हेच. झोपलेल्या माणसाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. ते घरातल्यांना ऐकू येते. घरधनी मोठ्याने घोरतात, मध्येच अगदी शांत होतात, आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून दचकून पुन्हा श्वास घेतात, असे दिसले तर ‘दमून आलेत, गाढ झोप लागली आहे’ अशी स्वतःची समजूत घालू नका. गाढ झोपेचे हे लक्षण नव्हे. ट्रकवर हेच काम क्लीनरचे आहे. ‘उस्ताद, तुमचा श्वास मध्येच बंद पडतो’ असे सांगणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, ती सेवा आहे.

सकाळी उठल्यावर डोके जड होणे, पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंग येणे, जेवल्यानंतर सपाट रस्त्यावर डोळा लागणे, बोलता बोलता चिडचिड होणे, ही इतर लक्षणे होत. यांपैकी काही आढळल्यास शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रथम दाखवावे आणि पुढील तपासणीसाठी पत्र घ्यावे. झोपेची तपासणी एका रात्रीत होते. शरीराला काही तारा लावून श्वास, हृदयाचे ठोके व प्राणवायू यांची नोंद घेतली जाते. तीत सुई टोचावी लागत नाही की कापाकाप करावी लागत नाही.

साध्या हवेचा उपचार

वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, रात्री मद्य वर्ज्य करणे हे उपाय सर्वांनी करावेतच. परंतु मध्यम व तीव्र विकारावर जो उपचार प्रामुख्याने दिला जातो, तो म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली तो जगापुढे मांडला. या यंत्रात औषध नाही, प्राणवायूची टाकीही नाही. एक लहानसा पंखा खोलीतलीच हवा घेऊन ती नळीवाटे नाकावरील मास्कमध्ये किंचित दाबाने सोडतो. तो दाब घशाला आतून उघडा धरतो. पंपाच्या भाषेत बोलायचे तर ओढीच्या बाजूचा मऊ नळ आता दाबाच्या बाजूचा झाला, आणि म्हणून तो चपटा होत नाही.

हा दाब पाण्याच्या उंचीने मोजतात, ही गोष्ट तानसावासीयांना आवडेल. यंत्राचा दाब साधारणपणे ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवता येतो. कित्येक रुग्णांना दहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे चार इंच पाण्याइतका दाब पुरतो. तेवढ्या हलक्या दाबावर एका माणसाची झोप अवलंबून असते. मात्र तो किती असावा हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. दुसऱ्याचे यंत्र उसने घेऊन लावू नये व आकडा स्वतः बदलू नये.

उपचाराचा परिणाम केवढा, याचा एक दाखला देतो. अमेरिकेतील एका मोठ्या मालवाहतूक कंपनीच्या ट्रकचालकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या चालकांना हा विकार होता, परंतु ज्यांनी उपचार टाळला, त्यांच्या हातून होणाऱ्या व टाळता येण्याजोग्या गंभीर अपघातांचे प्रमाण विकार नसलेल्यांच्या पाचपट आढळले. ज्यांनी यंत्र नियमाने वापरले, त्यांच्यात व निरोगी चालकांत असा फरक दिसला नाही. म्हणजे दोष चालकात नव्हता. उपचार न घेतलेल्या रोगात होता.

यंत्र घरी, माणूस रस्त्यावर

येथेच आपल्या अडचणीचे मूळ आहे. समजा, एका चालकाला विकार असल्याचे निष्पन्न झाले. त्याने किंवा त्याच्या मुलाने पैसे जमवून यंत्र घेतले. ते घरी खाटेजवळ ठेवले. पण हा चालक महिन्यातून वीस-बावीस रात्री घरी नसतोच. भिवंडीच्या गोदामातून माल भरून तो संध्याकाळी निघतो. एक रात्र धुळ्याच्या पुढे, दुसरी इंदूरच्या बाहेर, तिसरी परतीच्या वाटेवर. यंत्र मात्र घरात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. घरी तो चांगला झोपतो आणि जेथे प्राणावर बेतते तेथे गुदमरत झोपतो. हा उपचार नव्हे.

यंत्र बरोबर का नेत नाही, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘गाडीत लाइट कुठे आहे?’ आज मला ठामपणे सांगावयाचे आहे ते हेच की, गाडीत वीज आहे आणि ती पुरेशी आहे. फक्त ती यंत्रापर्यंत नीट पोहोचवली पाहिजे.

विजेचा हिशोब

यंत्राच्या अडॅप्टरवर ६५ वॅट किंवा ९० वॅट असा आकडा लिहिलेला असतो. तो पाहून बॅटरी उतरेल अशी भीती वाटते. परंतु तो आकडा अडॅप्टरच्या कमाल क्षमतेचा आहे. नेहमीचा खर्च त्याहून पुष्कळ कमी असतो. या यंत्रात वीज खाणाऱ्या गोष्टी दोन. एक हवा सोडणारा पंखा आणि दुसरी हवेला ओलावा देणारी पाण्याची गरम पेटी, म्हणजे ह्युमिडिफायर. काही यंत्रांत नळीही गरम होते. मध्यम दाबावर नुसता पंखा साधारण १० ते २० वॅट घेतो. पेटी व नळी गरम ठेवली की हाच खर्च ४० ते ६० वॅटपर्यंत जातो. म्हणजे अधिक वीज श्वासाला लागत नाही, पाणी तापवण्याला लागते.

आता रात्रीचा हिशोब करू. नुसता पंखा सरासरी १५ वॅट धरला तर आठ तासांत १२० वॅट-तास वीज लागेल. चोवीस व्होल्टच्या बॅटरीतून हे अवघे ५ अँपिअर-तास झाले. जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्या १५० अँपिअर-तासांच्या असल्या, तर यंत्राने रात्रभरात त्यांतील शेकडा तीन-चार हिस्सा घेतला. पाण्याची पेटी चालू ठेवल्यास मात्र १३ ते २० अँपिअर-तास, म्हणजे शेकडा नऊ ते तेरा हिस्सा जाईल. चांगल्या बॅटरीस हेही झेपते. पण जुन्या, पाणी आटलेल्या, अर्धी ताकद गेलेल्या बॅटरीस झेपेलच असे नाही. आणि पहाटे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरले नाही तर त्या दिवशीचा माल, त्या दिवशीचे भाडे आणि मालकाचा शब्द हे तिन्ही पणास लागतात. म्हणून ट्रकमध्ये झोपताना गरम पेटी शक्यतो बंद ठेवावी. आपल्या भागात पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की तिची उणीव भासणार नाही. कोरड्या प्रदेशात नाक-घसा सुकत असेल, तर डॉक्टरांस विचारून उपाय करावा.

चोवीस व्होल्टची गोष्ट

वायरमन मित्रांनो, यापुढील भाग विशेषेकरून आपल्यासाठी आहे.

पहिली गोष्ट. पुष्कळ सीपॅप यंत्रे २४ व्होल्टवर चालतात, काही १२ व्होल्टवर. ‘ट्रक चोवीसचा, यंत्र चोवीसचे, मग सरळ दोन तारा जोडून टाकू’ असा मोह होतो. असे कदापि करू नये. ट्रकचे चोवीस व्होल्ट हे नावाचे चोवीस असतात. इंजिन चालू असताना ते २८ च्या घरात जातात, सेल्फ मारताना एकदम खाली येतात, आणि मधूनमधून त्याहून मोठे झटके येतात. नाजूक यंत्राला स्थिर दाबाची वीज हवी. त्यासाठी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा डीसी कन्व्हर्टर मिळतो. तो घ्यावा, आणि तो २४ व्होल्टच्या गाडीवर चालतो की फक्त १२ व्होल्टच्या, हे त्यावरील पट्टीवर वाचूनच जोडावा.

दुसरी गोष्ट. १२ व्होल्ट हवेत म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून तार काढू नये. ती एक बॅटरी रोज अधिक उतरते, दुसरी अधिक चार्ज होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही खराब होतात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर वापरावा.

तिसरी गोष्ट. केबिनमधील मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट पुष्कळदा चावी बंद करताच मरते. चावी चालू ठेवून झोपू नये, कारण मग इतर उपकरणेही वीज घेत राहतात. शिवाय कित्येक चालक रात्री बॅटरीचा मेन स्विच बंद करतात. तो बंद केला की यंत्रही बंद पडेल. म्हणून यंत्रासाठी बॅटरीवरून एक स्वतंत्र लाइन घ्यावी. बॅटरीच्या अगदी जवळ, कन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या आकाराचा फ्यूज टाकावा. तार पुरेशी जाड असावी, ती इंजिनच्या उष्ण भागापासून दूर न्यावी, पत्र्यातून जाते तेथे रबरी गाळा बसवावा. फ्यूजऐवजी तांब्याचा तुकडा गुंडाळण्याची सवय येथे चालणार नाही. माणूस त्या तारेच्या उशाशी झोपणार आहे.

चौथी गोष्ट. इन्व्हर्टरविषयी. घरचाच अडॅप्टर वापरता यावा म्हणून काही जण इन्व्हर्टर बसवतात. तो चोवीस व्होल्टचाच आणि शुद्ध साइन वेव्हचा असावा. परंतु एक ध्यानात घ्यावे. इन्व्हर्टर स्वतः चालू राहण्यासाठीच कित्येकदा पाच ते पंधरा वॅट खातो, म्हणजे जवळजवळ यंत्राइतकीच वीज वाया जाते. बॅटरीतील वीज आधी २३० व्होल्टची करावयाची आणि अडॅप्टरने पुन्हा ती खाली आणावयाची, हा उलटा प्रवास शक्य असेल तर टाळावा. कन्व्हर्टरचा मार्गच सरळ आहे.

पाचवी गोष्ट. बॅटरी किती उतरली हे दाखवणारा लहानसा व्होल्टमीटर केबिनमध्ये बसवावा. पूर्ण भरलेली, स्वस्थ असलेली जोडी सुमारे २५.५ व्होल्ट दाखवते. २४.४ च्या खाली आकडा गेला की ती जवळपास अर्धी रिकामी झाली असे समजावे. ठरावीक आकड्याखाली आपोआप वीज तोडणारा कट-ऑफही मिळतो. सेल्फ मारण्यापूर्वी यंत्राची पिन काढण्याचा नियम मात्र प्रत्येकाने पाळावा.

स्वतंत्र बॅटरी

ज्याच्या ट्रकच्या बॅटऱ्या जुन्या आहेत, किंवा ज्यास आज या गाडीवर तर उद्या त्या गाडीवर जावे लागते, त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे. यंत्रासाठी निराळी लहान बॅटरी बाळगावी. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची बॅटरी २५६ वॅट-तासांची होते. तिच्यातील दोनशे वॅट-तास वापरले तरी पाण्याची पेटी न लावता एक रात्र निर्धास्त निघते, आणि वजन तीन किलोच्या आसपास असते. ती दिवसा, गाडी चालू असताना योग्य चार्जरने भरून घ्यावी. साधी शिशाची बॅटरी घेतल्यास खर्च कमी, पण वजन दहा-बारा किलो आणि तिच्यातील निम्मीच वीज वापरावयाची. शिशाच्या बॅटरीतून वायू निघतो म्हणून ती बंद केबिनमध्ये उशाशी ठेवू नये. लिथियमची बॅटरी एप्रिल-मेच्या उन्हात काचेमागे तापत ठेवू नये.

ज्या रात्री पक्का मुक्काम असेल त्या रात्री भिंतीतील वीज उत्तम. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ‘अपना घर’ उपक्रमाखाली काही पेट्रोल पंपांवर चालकांसाठी खाटा, स्नानगृहे व स्वयंपाकाची सोय झालेली आहे. अशा ठिकाणी यंत्र नेहमीच्या अडॅप्टरवर चालवावे आणि स्वतःची बॅटरीही भरून घ्यावी.

इंजिन चालू ठेवून झोपू नये

यंत्र चालावे म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवणे हा उपाय नव्हे. पंधरा वॅटच्या पंख्यासाठी ताशी लिटर-दोन लिटर डिझेल जाळणे हा अपव्यय तर आहेच. त्याहून मोठा धोका धुराचा आहे. दाटीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत किंवा बंदिस्त जागेत धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू केबिनमध्ये शिरू शकतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही. आणि सीपॅप यंत्र केबिनमधली हवाच नाकात सोडते. ती गाळून विषारी वायू काढून टाकत नाही. हे विसरू नये.

हवा मिळावी म्हणून काच थोडी खाली ठेवावी. उन्हाळ्याच्या रात्रीचा उकाडा हा खरा प्रश्न आहे, हे मान्य. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने मध्यम व जड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना काढली आणि २०२५ पासून तयार होणाऱ्या वाहनांना ती लागू झाली. परंतु जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे धावणार आहेत. आणि इंजिनावर चालणारे वातानुकूलन इंजिन बंद केले की थांबतेच. म्हणून सावलीची, हवेशीर जागा निवडून झोपणे, ही जुनी शहाणीव आजही उपयोगाची आहे.

काही लहान पण महत्त्वाच्या गोष्टी

पाण्याची पेटी वापरत असल्यास गाडी हलवण्यापूर्वी तिच्यातील पाणी ओतून टाकावे. घाटातल्या एका वळणावर ते पाणी यंत्रात शिरून ते निकामी होऊ शकते. पेटीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. यंत्राच्या मागे हवेची जाळी असते. आपल्या रस्त्यांवरील धूळ पाहता ती आठवड्यास तपासावी. मास्क रोज पुसावा, तेलकट राहिला तर हवा गळते. प्रवासात यंत्र डॅशबोर्डवर न ठेवता कापडात गुंडाळून मऊ जागी ठेवावे.

रात्री वीज गेली तर गुदमरून मरण येईल काय, असे विचारतात. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते. आणि तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. यंत्र थांबल्यास माणूस बहुधा जागा होतो. भीतीचे कारण नाही.

दुसरी भीती चोरीची. डिझेल व बॅटऱ्या चोरीस जातात हे खरे आहे, आणि मास्क लावून गाढ झोपलो तर चाहूल लागणार नाही, असे चालकांना वाटते. यंत्राचा आवाज कुजबुजीइतकाच असतो. तरीही ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. तिच्यावरचा उपाय उजेडाच्या व राखणदार असलेल्या तळावर गाडी लावणे हा आहे. श्वास अडवून अर्धवट झोपणे हा नव्हे.

मालकांना विनंती

वाहनमालक बंधूंनो, आता आपणांस दोन शब्द. चालक हा आजार लपवतो, कारण ‘घोरणारा ड्रायव्हर नको’ म्हणून काम जाईल अशी त्याला धास्ती असते. जो आजार लपवतो तो उपचार घेत नाही, आणि जो उपचार घेत नाही तोच धोक्याचा. यंत्र लावून झोपणारा चालक आपल्या गाडीस अधिक सुरक्षित आहे, हे मघाच्या अभ्यासाने दाखवलेच आहे. या यंत्राची किंमत प्रकारानुसार पंचवीस-तीस हजारांपासून साठ-सत्तर हजार रुपयांपर्यंत असते. आपल्या ट्रकच्या टायरच्या एका जोडीची किंमत या मर्यादेतच येते. टायर गुळगुळीत झाले तर आपण गाडी घाटात घालत नाही. मग झोप गुळगुळीत झालेल्या चालकाला घाटात कसे पाठवता? यंत्र विकत देणे सर्वांस शक्य होईल असे मी म्हणत नाही. परंतु फ्यूज टाकलेली एक स्वतंत्र लाइन आणि एक कन्व्हर्टर एवढे तरी प्रत्येक मालकास शक्य आहे.

त्याचबरोबर हेही स्पष्ट केले पाहिजे की, यंत्र म्हणजे अधिक तास गाडी हाकण्याचा परवाना नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने रोजचे काम सर्वसाधारणपणे आठ तासांचे ठरवले होते. कायदे बदलतात, संहिता नव्या येतात; परंतु माणसाच्या शरीराचा कायदा बदललेला नाही. चांगल्या श्वासाची झोपसुद्धा पुरेसे तास मिळाली तरच चांगली.

कृतीचा आरंभ

येथून परत जाताना प्रत्येकाने एकेक काम आपल्याकडे घ्यावे, अशी माझी विनंती आहे. घरच्या मंडळींनी व क्लीनरने झोपेतील श्वासाकडे लक्ष द्यावे आणि पाहिले ते स्पष्टपणे सांगावे. चालकाने लाज व भीती सोडून तपासणी करून घ्यावी, आणि यंत्र मिळाले की ते परवाना व कागदपत्रांप्रमाणेच प्रत्येक फेरीस बरोबर न्यावे. वायरमनने फ्यूज, कन्व्हर्टर व कट-ऑफ यांसह लाइन टाकण्याचे काम शिकून घ्यावे. आटगाव, खर्डी, सरळगाव येथल्या गॅरेजांत हे काम सहज होऊ शकेल. मालकाने त्यास अनुमती व शक्य तेवढा हातभार द्यावा.

एका रात्रीला लागणारी १२० वॅट-तास वीज ही फार मोठी मागणी नाही. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा सव्वा तासही तेवढ्यात जळत नाही. ती वीज चालकाच्या उशापर्यंत पोहोचली, तर तो पहाटे ताज्या डोळ्यांनी कसाऱ्याचा किंवा माळशेजचा घाट उतरेल. त्याच्या पुढची एस.टी., मागची जीप आणि कडेने शाळेत जाणारी मुले सुखरूप राहतील. हे काम कोणत्याही मोठ्या योजनेची वाट न पाहता, याच आठवड्यात, आपल्याच गॅरेजमध्ये सुरू करता येण्यासारखे आहे. ते आपण सुरू कराल, असा विश्वास व्यक्त करून मी आपली रजा घेतो.